सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर आणि दोन-दोनच्या बांगड्या

प्रश्न : मी ५७ वर्षांची आहे. ठाण्यात नौपाड्याला आमची सोन्याचांदीची छोटी पेढी आहे. मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. सासऱ्यांचं बत्तीस बोअरचं (म्हणजे ०.३२ इंच नळीचं) जुनं विलायती रिव्हॉल्व्हर मिस्टरांच्या नावावर होतं, ते इतके दिवस डीलरकडे जमा होतं. आता वारस म्हणून माझ्या नावाचा परवाना झाला आणि ते घरी आलं. आमच्या काट्यावर ७८० ग्रॅम भरलं. माझे हात लहान, बांगडी दोन-दोनची लागते. त्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात, त्यामुळे हात अशक्त झालाय. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा मुलाला उघडायला सांगते. मुलगा म्हणतो, आई, हे धूड विकून टाक आणि बायकांसाठीचं हलकं रिव्हॉल्व्हर घे. डीलरचंही तेच मत. पुतण्या म्हणतो पिस्तूल घे, चपटं असतं, पर्समध्ये मावतं. मी कुणाचं ऐकू? आणि एक वेडगळ शंका : नेम धरताना बांगड्या काढाव्या लागतात का?

उत्तर : ताई, तिघांचंही ऐकू नका. निदान पुढच्या महिनाभरात तरी काही विकू नका आणि काही घेऊ नका.

मुलगा आणि डीलर जे सांगतायत ते मी नेमबाजीच्या रेंजवर पंचवीस वर्षं ऐकतेय. बाई दिसली की हलकं हत्यार पुढे करायचं, साडीच्या दुकानात वय बघून रंग काढतात तसं. माझी बांगडी दोन-चारची, म्हणजे तुमच्याहून एकच माप मोठी. शिकायला लागले तेव्हा मलाही असंच एक चिमुकलं हातात दिलं होतं. दहा मीटरवरच्या कागदावर माझी एकही गोळी लागली नाही. दोष माझ्या हाताचा आहे असं समजून मी दोन महिने गप्प बसले होते.

तुम्ही पत्रात 'लहान' आणि 'अशक्त' एका दमात लिहिलंत, ते आधी वेगळं करू. लहान हाताची अडचण म्हणजे बोट चापापर्यंत, म्हणजे गोळी सोडायला ओढतात त्या खटक्यापर्यंत, नीट पोचत नाही. अशक्त हाताची अडचण म्हणजे पोचलेल्या बोटाने चाप ओढवत नाही, अंगठ्याने घोडा (मागची छोटी हातोडी) चढवत नाही, पिस्तुलाची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचवत नाही. माझ्याकडे एक सहा फुटी गृहस्थ शिकायला यायचे. पंजा एवढा की हत्याराची मूठ त्यात हरवायची, पण मधुमेहाने बोटं आखडलेली, चाप अर्ध्यातच अडकायचा. उलट कॉलेजातल्या एका मुलीचा हात तुमच्याएवढाच, पण ती रोज दोन तास तबला वाजवणारी. तिला फक्त मूठ बारीक करून हवी होती. तुमच्याकडे दोन्ही अडचणी आहेत, पण त्यांची औषधं वेगवेगळी आहेत.

आता हलकेपणाचं बघू. तुम्ही सराफ, वजनाची भाषा तुम्हाला मी काय शिकवणार! रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता थेट चाप ओढला तर बोटाला साधारण पाच किलोचा जोर लावावा लागतो, काही हत्यारांत त्याहूनही जास्त. घरी पाच किलो तांदळाची पिशवी घ्या आणि तिचा बंद तर्जनीच्या एका पेरावर अडकवून उचलून बघा. आता असं समजा की हातात अर्ध्या किलोची वस्तू आहे. ती काडीइतकीही न हलवता तिचाच एक भाग तुम्हाला पाच किलोच्या जोराने मागे ओढायचाय. वस्तूच्या वजनाच्या दहापट जोर! ती हलणारच. नळी बाजूला झुकते, खाली जाते, आणि गोळी जाते भलतीकडे. हत्यार जड असेल तर तोच जोर लावूनही ते कमी हलतं, कारण त्याला स्वतःचं काही वजन असतं.

स्पर्धेतल्या पिस्तुलाशी तुलना केलीत तर गंमत कळेल. दहा मीटर एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेकांचं किलोच्या आसपास भरतं, आणि त्याचा चाप किमान ५०० ग्रॅमचा असावा असा नियम आहे. म्हणजे चापाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या निम्मा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात चापाला किमान एक किलो लागतो आणि पिस्तूल १४०० ग्रॅमपर्यंत चालतं. जगातल्या सगळ्यात तरबेज बोटांनाही वजनाच्या दहापट चाप कुणी देत नाही. तो आपण द्यायचा कुणाला, तर अंगठा दुखणाऱ्या सत्तावन्न वर्षांच्या बाईला, आणि वर म्हणायचं की हे बायकांसाठी आहे.

मुलगा बहुधा 'निर्भीक'बद्दल बोलत असणार. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने ते जानेवारी २०१४ मध्ये आणलं. बत्तीस बोअर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. महिलांच्या रक्षणासाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, नावही त्याच भावनेतून आलं. कारागिरीला मी नावं ठेवत नाही. पर्समध्ये बाळगायला ते सोपं आहे हेही खरं. पण बाळगणं आणि चालवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाळगताना वजन खांद्याला लागतं, चालवताना तेच वजन हाताला आधार देतं. बावीस बोअरचं 'निडर' तर आणखी हलकं, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. तुमच्या पेढीवरची चांदीची ताटली त्याहून जड असेल.

धक्क्याचं म्हणाल तर त्याला फार घाबरू नका. बत्तीसचं लांब काडतूस मुळात मवाळ आहे. जगभर सेंटर-फायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धेत कित्येक नेमबाज तेच वापरतात, कारण ते हाताला त्रास देत नाही आणि अचूक जातं. पण तेच काडतूस ७५० ग्रॅमच्या हत्याराऐवजी ५०० ग्रॅमच्या हत्यारातून उडवलं तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दीडपट होते, हा साध्या पदार्थविज्ञानाचा हिशेब आहे. निरोगी हाताला ते चालून जातं. संधिवाताच्या अंगठ्याला दहाव्या गोळीनंतर कळायला लागतं, आणि मग माणूस सराव सोडतो. माझी खरी भीती ती आहे. सराव नसलेलं हत्यार कपाटात असण्यापेक्षा नसलेलं बरं.

आता पुतण्याचं पिस्तूल. चपटं असतं, कबूल. पण बत्तीसच्या छोट्या पिस्तुलांमध्ये गोळी सुटताना नळीचं मागचं टोक कुलूप लावून धरलेलं नसतं. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगची ताकद, एवढ्यावरच ते धरून ठेवायचं असतं. स्लाइड लहान आणि हलकी, म्हणून स्प्रिंग कडक. त्यामुळे उलटंच होतं : पिस्तूल जितकं छोटं तितकी त्याची स्लाइड ओढायला जड. बरणीचं झाकण उघडत नाही म्हणता, तर ही स्लाइड तुमच्या चिमटीत येणार नाही. त्यावर एक युक्ती आहे. स्लाइड चिमटीत ओढायची नाही, तर डाव्या हाताची चारही बोटं वरून घट्ट आवळायची, हात छातीजवळ ठेवायचे आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. हे सगळं करताना नळीचं तोंड सुरक्षित दिशेलाच हवं. युक्तीने बऱ्याच जणींचं काम होतं. पण पुढे मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, भरायचंच असतं. एकेक काडतूस अंगठ्याने दाबून स्प्रिंगविरुद्ध आत सारायचं, आणि अंगठा तर तुमचा तोच दुखरा. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं नुसती भोकांत सोडायची असतात. तुमच्या हाताला पिस्तूल नको, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

मग राहिलं सासऱ्यांचं धूड. त्याच्याकडे जरा नव्या नजरेने बघा.

आधी ते रिकामं आहे याची स्वतः खात्री करा. डीलरने परवा तपासलं होतं, मुलाने काल बघितलं होतं, असलं काही चालणार नाही. उघडून सिलिंडरची, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याची, सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटाने चाचपायची. मग नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका सरळ रेषेत येईल असं ते धरा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण मुठीच्या मागे बरोबर मधोमध बसली पाहिजे. आता तर्जनी चापावर ठेवा. पहिल्या पेराचा मांसल भाग किंवा पेराची घडी चापावर येत असेल तर हत्यार तुमच्या मापाचं आहे. नुसतं नखाजवळचं टोक पोचत असेल तर ते मोठं आहे. अशा वेळी सगळे काय करतात? मूठ हातात थोडी फिरवून घेतात म्हणजे बोट पोचतं. पण मग धक्का मनगटात न जाता सरळ अंगठ्याच्या सांध्यावर येतो. तुमच्या बाबतीत म्हणजे नेमका दुखऱ्या जागी.

टोकच पोचत असेल तरी हत्यार विकू नका, मूठ बदला. जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरच्या मुठीवरच्या फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतात. त्या काढून बारीक फळ्या बसवता येतात आणि चापापर्यंतचं अंतर काही मिलिमीटरने कमी होतं. काही मिलिमीटर म्हणजे काय ते अंगठीचं माप घेणाऱ्या बाईला सांगायला नको. स्पर्धेतले नेमबाज तर लाकडी मूठ कानस घेऊन घासतात, कुठे एम-सील लावून भरतात, हाताच्या ठशासारखी करतात. फळ्या तुमच्या ओळखीच्या सुताराकडून करून घेतल्या तरी चालेल, पण हत्यार त्याच्या दुकानात सोडायचं नाही. मूळ फळ्या नमुन्याला द्या आणि बसवण्याचं काम परवानाधारक गनस्मिथकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे. मूळ फळ्या जपून ठेवा, जुन्या हत्याराला त्यांची किंमत असते. मात्र नळी कापून आखूड करून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

चापाचा जोर कमी करायचा सोपा रस्ता म्हणजे घोडा आधी चढवणं. घोडा चढला की चाप आपोआप मागे सरकतो, म्हणजे लहान बोटाला अंतरही कमी, आणि ओढायला लागणारा जोर पाच किलोवरून दीड-दोन किलोवर येतो. अडचण एवढीच की घोडा चढवायला अंगठा लागतो. पण तो उजवाच हवा असं कुणी सांगितलं? दोन्ही हातांनी पकड घ्या आणि डाव्या अंगठ्याने घोडा चढवा. पकड सुटत नाही, उजवा अंगठा दुखत नाही. रेंजवर मी हे निरोगी हातांनासुद्धा शिकवते. चढवलेला घोडा गोळी न उडवता खाली उतरवणं मात्र नाजूक काम आहे. ते एकटीने पुस्तकं वाचून शिकू नका, समोर शिकवणारा माणूस हवा.

हत्यार बहुधा वरून मोडून, नळी खाली झुकवून उघडणारं असेल. त्याची खिटी डाव्या बाजूला, घोड्याजवळ असते, आणि ती दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. तीही डाव्या अंगठ्याने दाबायची सवय लावा. कडक असेल तर तेलपाणी करून घ्या. उघडण्याचा त्रास कशानेच जात नसेल तर, आणि तरच, नव्याचा विचार करा. कानपूरमध्येच बनलेलं 'प्रबळ' ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं आणि वजन ७०० ग्रॅम आहे. निर्भीक आणि प्रबळ शेजारी ठेवले तर तुमच्यासाठी मी दुसरं उचलेन. पण तेही हातात धरून, चापापर्यंतचं अंतर बघून.

आणखी एक महत्त्वाचं. सासऱ्यांच्या हत्यारातून शेवटची गोळी कधी उडाली ते तुम्हालाही ठाऊक नसेल. पहिली गोळी भरण्याआधी गनस्मिथला दाखवा. सिलिंडर हलतं का, प्रत्येक घर नळीसमोर नेमकं येऊन थांबतं का, नळी आतून गंजली आहे का, हे त्याने बघायला हवं. बत्तीस म्हटलं तरी बत्तीसमध्येही प्रकार आहेत : आखूड काडतूस वेगळं, लांब वेगळं, पिस्तुलाचं तर आणखीनच वेगळं. तुमच्या हत्याराला कुठलं चालतं ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि कागद परवान्यासोबत ठेवा. हो, रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप घरी सारखा ओढून बघू नका, जुन्या हत्याराची पिन तुटते. त्यासाठी नकली काडतुसं मिळतात, ती आणा.

हत्यार विकलं तर पैसे चांगले येतील, हे मात्र खरं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात बंद असल्यामुळे चांगल्या जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरना आपल्याकडे लाखांत भाव येतो. पण ते एकदा गेलं की परत मिळणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोन हत्यारं ठेवता येतात. उद्या दुसरं घ्यावंसं वाटलं तर ठाणे पोलीस आयुक्तालयाकडून परवान्यावर त्याची परवानगी घेऊन घेता येईल, पहिलं विकायची सक्ती नाही.

हाताच्या व्यायामाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. बादलीत तांदूळ घेऊन त्यात हात खुपसायचा, मूठ मिटायची, उघडायची. कोमट पाण्यात स्पंज पिळायचा. पाच बोटांभोवती रबर लावून बोटं उघडायची. हा तिसरा प्रकार सगळे विसरतात. पण अंगठ्याच्या संधिवातात चिमटीचा जोर वाढवणारे व्यायाम उलटे पडू शकतात, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. हत्याराची परीक्षा सकाळी उठल्या उठल्या करा, चहाच्या आधी, बोटं आखडलेली असताना. दुकानात दुपारी चारला सगळंच सोपं वाटतं.

सरावासाठी सुरुवात एअर पिस्तुलाने करा. ०.१७७ बोअरच्या, गोळीची ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि ठाण्यात तुम्हाला दहा मीटरची रेंज सापडेल. तिथे मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत असतात. लहान मूठ मागून घ्या, लाजू नका. शेजारच्या लेनवर बारा-तेरा वर्षांची मुलं असतील आणि ती तुमच्यापेक्षा छान मारतील, त्याचंही मनावर घेऊ नका. तीन महिन्यांत चाप सरळ मागे येणं म्हणजे काय ते बोटाला कळेल. मग बत्तीससाठी वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर चौकशी करा. सभासदत्वाचे नियम तेच सांगतील.

आता न विचारलेला शेवटचा विषय, आणि इथे मी थोडी कडवट बोलणार आहे. पेढी बंद करताना तुम्ही एकट्या असता का? असाल, तर हत्याराआधी माणूस ठेवा. शटर ओढताना पाठ रस्त्याकडे असते, दोन्ही हात गुंतलेले असतात. त्या क्षणी पर्समधलं निर्भीक काय आणि घरातलं विलायती काय, दोन्ही सारखेच निरुपयोगी. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून हत्यार जमा करायची नोटीस येते ती वेगळीच. लोकसभा, विधानसभा, महापालिका धरून पाच वर्षांत किती महिने ते तुमच्याकडे नसेल ते मोजा. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. पण तो किती ताणता येतो हे घाईच्या क्षणी ठरवता येत नाही, म्हणून एखाद्या वकिलाबरोबर तासभर आधीच बसा. आणि नातवंडं सुटीला येत असतील तर हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे. तिजोरी तर तुमच्याकडे आहेच.

बांगड्यांचं : वेडगळ काही नाही, मलाही पहिल्या दिवशी तीच शंका होती. दोन्ही हातांनी पकड घेतली की बांगड्या एकमेकींवर आणि मुठीवर आपटतात, लक्ष तिकडे जातं. काचेची फुटली तर मनगटात जाते. सोन्याच्या तर रेंजवर नकोतच. दोन्ही हातांतल्या काढून जा. दोन-दोनच्या आहेत म्हणजे साबण लावल्याशिवाय निघणार नाहीत, तेवढं घरीच उरका. रेंजच्या बेसिनवर साबण कधीच नसतो.